हाडात स्क्रू जन्मभर, कागद मात्र तीन वर्षं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

2025 च्या जानेवारीत मिरजेला माझ्या उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे मी जागा होतो. समोर हिरवा पडदा होता. पलीकडचं दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "हा ड्रायव्हर बसत नाही, दुसरा द्या." मग आणखी एक मागितला. नंतर थोडा वेळ कुणीच बोललं नाही, आणि मला तो आवाज आला. पान्हा खाचेत पुरता न बसताच फिरला की होतो तो. चौतीस वर्षं एसटीच्या आगारात मेकॅनिकचं काम केलेल्या माणसाला हा आवाज ओळखायला डोळ्यांनी बघावं लागत नाही. स्क्रूचं डोकं घासलं होतं.

यात मिरजेच्या डॉक्टरांची काहीही चूक नव्हती. माझ्या पायात कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या मापाचे स्क्रू आहेत, हे त्यांना कुणीच सांगू शकलं नव्हतं. ज्याच्या पायात ते नऊ वर्षं होते, त्या मलाही ते ठाऊक नव्हतं. हे पत्र त्याबद्दल आहे.

थोडं मागून सांगतो. 2012 च्या डिसेंबरात, उसाचा हंगाम भरात असताना, रात्री ड्युटीवरून घरी येत होतो. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. मोटरसायकल घसरली आणि घोटा मोडला. प्लेट बसवली, हाड जुळलं, पण सांध्याच्या आतली गादी कायमची बिघडली. दोन वर्षांत अशी अवस्था झाली की सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायची भीती वाटायची. पिटात उतरून गाडीखाली उभं राहून काम करायचं म्हणजे आठ तास घोट्यात खिळा ठोकल्यासारखं वाटे. गोळ्या झाल्या, सांध्यात इंजेक्शनं झाली, पट्टा झाला. शेवटी 2016 च्या फेब्रुवारीत एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी सांधा जोडून टाकला. ते त्याला 'फ्यूजन' म्हणतात. जुनी प्लेट तेव्हाच काढली.

बऱ्याच वाचकांना ही शस्त्रक्रिया माहीत नसेल. गुडघा बदलतात हे आता घरोघरी ठाऊक आहे. घोट्याच्या बाबतीत मात्र आजही पुष्कळदा सांधा न बदलता जोडला जातो. नडगीचं हाड आणि त्याखालचं घोट्याचं हाड यांच्यामधली उरलीसुरली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, खरवडून काढतात, दोन्हीकडचं ताजं, रक्ताळलेलं हाड उघडं करतात, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवतात आणि दोन हाडं स्क्रूंनी आवळतात. मोडलेलं हाड जसं सांधतं तशी ही दोन हाडं एकजीव होतात. सांधाच उरत नाही, म्हणून दुखायलाही काही उरत नाही. घोटा मात्र पुन्हा वाकत नाही. उकिडवं बसणं माझ्यासाठी त्याच दिवशी संपलं आणि घरात कमोड बसवावा लागला. तरी मी आजही सांगतो, त्या ऑपरेशनने मला माझी नोकरी परत दिली. सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नव्हता, पुढचे सहा आठवडे प्लास्टरमध्ये थोडं थोडं वजन द्यायचं होतं. मे महिन्यात मी कुबडी सोडली आणि 2019 साली अठ्ठावन्नाव्या वर्षी कामावर असतानाच निवृत्त झालो. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्या तीन स्क्रूंबद्दल थोडं लिहू द्या, कारण आता ते माझ्याकडे आहेत. मिरजेच्या डॉक्टरांनी धुऊन, निर्जंतुक करून एका डबीत घालून दिले. घरी आल्यावर मी व्हर्नियर काढला आणि मोजले. आट्यांचा बाहेरचा व्यास साडेसहा मिलिमीटर. मधून आरपार बारीक भोक, कारण आधी हाडात तार घालतात, एक्स-रेवर तारेची दिशा बघतात आणि मग तिच्यावरून स्क्रू ओवून घट्ट करतात. आटे सगळ्या लांबीवर नाहीत, फक्त टोकाकडे आहेत. वरचा दांडा गुळगुळीत. असं का, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आटे पलीकडच्या हाडात रुततात, गुळगुळीत दांडा अलीकडच्या हाडात नुसता सरकतो, आणि डोकं आवळलं की दोन्ही हाडं एकमेकांकडे ओढली जातात. सगळ्या लांबीवर आटे असते तर हाडांमधली फट जशीच्या तशी राहिली असती. इतक्या लहान वस्तूत इतका विचार केलेला पाहून मला मनापासून आनंद झाला.

आणि त्याच वेळी ही गोष्टही दिसली की तीनपैकी दोन स्क्रू एका घडणीचे आहेत आणि तिसरा वेगळ्या. दोघांच्या डोक्यात षट्कोनी खाच आहे, अ‍ॅलन की बसते तशी. तिसऱ्याच्या डोक्यात चांदणीसारखी असावी, आता ती घासल्यामुळे नीट ओळखू येत नाही. म्हणजे त्या दिवशी माझ्या पायात बहुधा दोन कंपन्यांचा माल गेला होता. त्यात वावगं काही झालं असं माझं म्हणणं नाही. हवी ती लांबी एका पेटीत नसेल, दुसरीतून घेतली असेल. गॅरेजमध्ये आम्हीही असं केलंय. फक्त आम्ही ते लिहून ठेवत होतो.

आता 2024 कडे येतो. घोटा जोडला की चालताना त्याची हालचाल शेजारच्या सांध्यांना करावी लागते, आणि काही वर्षांनी ते झिजू शकतात. हे मला 2016 मध्येच सांगितलेलं होतं. माझ्या बाबतीत घोट्याखालचा, टाचेच्या हाडाबरोबरचा सांधा झिजला. खडीवरून, शेताच्या बांधावरून चालणं अशक्य झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाही सांधा जोडू, टाचेतून वर दोन मोठे स्क्रू घालू, पण जुने स्क्रू वाटेत येतात, ते आधी काढावे लागतील. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने स्क्रू कोणत्या कंपनीचे? डिस्चार्ज कार्ड आणा, स्टिकर असेल."

मी लोखंडी कपाट उपसलं. कागद सगळे होते. एसटीत वैद्यकीय बिलासाठी कागद जपायची सवय लागते. एक्स-रेच्या फिल्म पावसाळ्याच्या ओलीने एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या अलगद सोडवल्या. डिस्चार्ज कार्डावर एवढंच लिहिलेलं की घोट्याचं फ्यूजन केलं, स्क्रू तीन. बिलात एकच ओळ : इम्प्लांट, 42,000 रुपये. कंपनी, धातू, माप, बॅच यांपैकी एक शब्द नाही. एक्स-रेत स्क्रू बाजूने दिसतात, त्यांच्या डोक्यातली खाच कशी आहे ते कळत नाही.

जुन्या दवाखान्यात गेलो. ते डॉक्टर आता तिथे नाहीत. काउंटरवरच्या मुलाने नीट ऐकून घेतलं, आत विचारून आला आणि म्हणाला, "काका, तीन वर्षांपेक्षा जुने रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही, नियम तसाच आहे." मला ते खोटं वाटलं. चौकशी केली तर खरं निघालं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत आहे की दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे. तापाच्या किंवा अपेंडिक्सच्या रुग्णासाठी तीन वर्षं पुरत असतील. ज्याच्या हाडात धातू कायमचा ठेवून दिला आहे, त्याच्यासाठी हा हिशेब कसा लागू होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

याच्यावर मी बराच विचार केला, कारण आमच्या घरात सांधा जोडलेला पाय हा पहिला नाही. माझ्या आक्काला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. 1970 साली, ती चौदा वर्षांची आणि मी नऊ वर्षांचा असताना, तिचं वाकडं पडणारं पाऊल सरळ करण्यासाठी पायाच्या मागच्या भागातले तीन सांधे जोडले होते. तेव्हा गावोगावच्या पोलिओच्या मुलांवर हे ऑपरेशन होत असे. तिला तीन महिने गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि मी शाळेतून आलो की तिला पाठीवर घेऊन ओसरीवर आणायचो. तिच्या पायात धातूचा कणसुद्धा नाही. हाडं नुसत्या प्लास्टरच्या आधाराने जुळली. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1951 साली घोटा दाबून धरून जोडायची रीत मांडली. तिच्यात हाडातून आरपार पिना घालून बाहेरून चिमट्याने आवळत, आणि हाड जुळू लागलं की ते सगळं काढून टाकत. म्हणजे त्या काळात एक तर धातू घालत नसत, नाही तर घातलेला परत बाहेर येई. आता तो आत राहतो. हाड एकजीव झालं की स्क्रूला काही काम उरत नाही, पण त्रास होत नसेल तर तो काढायचं कारणही नसतं, म्हणून तो माणसाबरोबर शेवटपर्यंत राहतो. शस्त्रक्रिया सुधारली हे चांगलंच झालं. तिच्याबरोबर कागदही बदलायला हवा होता.

कागद नसल्याने त्या दिवशी काय झालं ते सांगतो. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर असलेली पेटी मागवून ठेवली होती. तिचं भाडं मी भरलं. पण तिसऱ्या स्क्रूच्या खाचेत हाड वाढलेलं होतं, ते कोरून काढताना खाचेचा आकार नक्की कळेना, आणि जवळच्या मापाचा ड्रायव्हर लावल्यावर डोकं घासलं. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर आणला. तो डोक्यात डावीकडे फिरवत रुतवायचा, जितका रुततो तितका स्क्रू सुटायच्या दिशेने वळतो. मोडलेला स्टड काढायला आम्हीही हेच करतो. गाडीच्या इंजिनवर हे काम किती जपून करावं लागतं ते मला माहीत आहे, आणि इथे तर ते माझ्या हाडात चाललं होतं. छिन्नी-हातोडीचे ठोके पायात जाणवत नव्हते, पण टेबलातून पाठीला जाणवत होते. मांडीला रक्त थांबवणारा पट्टा आवळलेला होता. तो जास्तीत जास्त दोन तासांच्या आसपास ठेवतात, म्हणून सोडावा लागला. थोड्या वेळाने पुन्हा आवळला. पुढे पाठीतल्या इंजेक्शनचा असर उतरू लागला आणि मला पूर्ण भूल दिली. दीड-दोन तासांचं ठरलेलं ऑपरेशन साडेचार तास चाललं. बाहेर बसलेल्या माझ्या बायकोला कुणी काही सांगत नव्हतं, आणि ती जे काही समजून बसली होती ते आठवलं की अजून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. हाड जास्त कोरावं लागल्याने ती जागा भरायला कमरेच्या हाडातून तुकडा घेतला. ती कंबर पायापेक्षा जास्त दिवस दुखली.

दोन ओळी लिहिलेल्या असत्या तर नेमका ड्रायव्हर आधीच मागवता आला असता.

एसटीत गाडीच्या टायरलासुद्धा नंबर असतो आणि त्या नंबराचं कार्ड असतं. तो कोणत्या गाडीला, कोणत्या चाकाला कधी लागला, किती किलोमीटर चालला, रिमोल्ड कधी झाला, सगळं त्यावर असतं. गिअरबॉक्स उतरवला तर उतरवणाऱ्याची सही असते. मी ही कार्डं आयुष्यभर भरली आहेत, आणि कधी कंटाळाही केला आहे. पण पाच वर्षांनी रात्री दोन वाजता घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी उभं राहिल्यावर तेच कार्ड उपयोगाला येतं.

हे दवाखान्यांना जमणार नाही असं कुणी म्हणेल, तर त्याला उत्तर सरकारनेच देऊन ठेवलेलं आहे. 2017 च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा दीड लाखाच्या पुढे जात होता, तो 54,720 रुपयांवर आला. ती बातमी सगळीकडे गाजली. पण त्याच आदेशांत एक अट होती, तिची चर्चा फारशी झाली नाही, आणि मला ती किमतीइतकीच मोलाची वाटते. दवाखान्याने बिलात स्टेंटची किंवा गुडघ्याची किंमत वेगळी दाखवायची, आणि तिच्यासोबत ब्रँड, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर लिहायचा. म्हणजे गुडघेवाल्याला हे मिळतं. त्याच्या शेजारच्या खाटेवर घोट्यात स्क्रू घातलेला, मांडीत रॉड घातलेला, मनगटात प्लेट बसवलेला रुग्ण असतो, त्याला बिलात 'इम्प्लांट' एवढा एक शब्द मिळतो. मोडलेल्या हाडांत पडणारं स्टील किती घरांत आहे, हे रस्त्यावरचे अपघात बघितले की कळतं.

हा नुसता ड्रायव्हरचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये डेप्यू कंपनीने एएसआर नावाचा आपला खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तो बसवण्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. पुढे केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, भरपाईचा विषय निघाला, तेव्हा त्यातल्या बहुतेक रुग्णांचा माग लागेना. खुब्यासारख्या मोठ्या आणि महागड्या वस्तूची ही गत झाली. उद्या एखाद्या बॅचच्या स्क्रूंत दोष निघाला, तर ते कोणाकोणाच्या टाचेत आहेत हे कोण आणि कशावरून सांगणार?

एक अडचण खरी आहे आणि ती लपवून मागणी करणं बरोबर नाही. नव्या, महागड्या इम्प्लांटचा प्रत्येक नग वेगळ्या बंद पाकिटात येतो, आत स्टिकर असतात, ते नुसते कार्डावर चिकटवायचे. पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी स्क्रू असे येत नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डीलरचा माणूस स्टीलची पेटी घेऊन येतो. 2016 मध्ये मी त्याला पाहिलं होतं, मोटरसायकलच्या टाकीवर पेटी बांधून आलेला पोरगा. त्या पेटीत सगळ्या लांबीचे स्क्रू ओळीने सुटे लावलेले असतात. पेटी तशीच वाफेवर निर्जंतुक होते, लागतील ते घेतात, उरलेले तो परत नेतो आणि वापरलेल्यांचं बिल करतो. सुट्या स्क्रूला स्टिकर कुठून येणार? पण डीलरच्या बिलावर कंपनी, माप आणि लॉट नंबर येऊ शकतो, किंबहुना यायलाच हवा, आणि त्या बिलाची एक प्रत रुग्णाच्या हातात देता येते. झेरॉक्सला दोन रुपये लागतात.

म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाला आणि वैद्यकीय परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे. गुडघ्याला आणि स्टेंटला असलेली बिलाची अट शरीरात राहणाऱ्या प्रत्येक स्क्रूला, प्लेटला, रॉडला लावा. 2021 साली राज्याने नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावायला सांगितलं आहे, त्या सनदेत या हक्काची एक ओळ घाला. ज्या रुग्णाच्या अंगात धातू आहे त्याच्या कागदांना तीन वर्षांची मुदत लावू नका. निदान ते नष्ट करण्याआधी त्याला बोलावून देऊन टाका. आता सरकारचं आभा नावाचं आरोग्य-ओळखीचं कार्ड निघालं आहे, चौदा आकडी नंबर आहे, त्यावर ही नोंद कायमची ठेवता येईल. पण आमच्या भागातल्या माणसाला हातातला कागद आधी लागतो.

आणि वाचकांनाही सांगतो. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा : धातू स्टील की टायटॅनियम, कंपनी कोणती, स्टिकर किंवा डीलरचं बिल मिळेल का. भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी मी विचारायच्या आधीच माझ्या डिस्चार्ज कार्डाच्या मागे दोन्ही नव्या स्क्रूंचे स्टिकर लावले होते आणि खाली स्वतःच्या हाताने ड्रायव्हरचं माप लिहिलं होतं. मी ते कार्ड लॅमिनेट करून घेतलं. त्याचा फोटो मुलाच्या, सुनेच्या आणि मुलीच्या फोनमध्ये आहे. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तिथेही धातू कोणता हे विचारतात.

माझ्या शेजारच्या खाटेवर बीडकडचा एक ऊसतोड कामगार होता, वय असेल अठ्ठावीस-तीस. ट्रॉलीचं चाक पावलावरून गेलेलं. त्याच्या पायाच्या मधल्या भागातले सांधे जोडले होते, एक प्लेट आणि पाच स्क्रू. हंगाम संपला की तो गावी जाणार, पुढच्या हंगामात कोणत्या कारखान्यावर असेल ते त्यालाही माहीत नाही. त्याचा कागद पालाच्या खोपीत किती टिकेल, म्हणून मी माझ्याबरोबर त्याचंही कार्ड लॅमिनेट करून आणून दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे किती वर्षं जपायचं?" मी त्याला खरं ते सांगितलं.

माझे तीन जुने स्क्रू डबीत जपून ठेवलेले आहेत. आरोग्य विभागातल्या कुणाला प्रत्यक्ष बघायचे असतील तर मी ते घेऊन कुठेही येईन. आता मला पुन्हा चालता येतं.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक,
कऱ्हाड, जि. सातारा